टीमसाठी चॅट अ‍ॅप कसं निवडायचं: सुरुवात जुन्या मेसेजपासून करा

आमच्या टीममधला एकजण नोकरी सोडून गेला आणि त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी क्लायंटनं विचारलं की डिझाइनमधला हा बदल कोणी मंजूर केला होता आणि कधी. आम्हा सगळ्यांना आठवत होतं की यावर बोलणं झालंय, चांगलं सविस्तर झालंय, पण ते झालं होतं त्या गेलेल्या माणसानं स्वतःच्या फोनवर काढलेल्या ग्रुपमध्ये, जाताना त्यानं तो ग्रुप मोडून टाकलेला आणि मधल्या काळात आमच्यातल्या दोघांनी फोनही बदललेले. सहा माणसं अर्धा दिवस स्क्रीनशॉट शोधत बसली, काही हाती लागलं नाही, आणि शेवटी ते काम आम्ही आमच्या खर्चानं परत करून दिलं. तेव्हापासून टीम चॅटचा विषय निघाला की मी आधी एकच गोष्ट विचारते, आज जे बोललो ते सहा महिन्यांनी सापडेल का, आणि बोलणारा माणूस इथे नसला तरी सापडेल का?

इमोजी, थीम, स्टिकर, एआयनं केलेला सारांश हे सगळं नंतर बघता येतं. खाली जे लिहितेय ते त्या एका प्रश्नाभोवतीच आहे, आणि पाच माणसांच्या टीमपासून दोन-तीनशे माणसांच्या कंपनीपर्यंत चालेल असं आहे.

पहिली पायरी: एक आठवडा नुसतं बघा

कुठल्याही अ‍ॅपची वेबसाइट उघडायच्या आधी तुमची टीम आत्ता कशी बोलते ते आठवडाभर बघा आणि कागदावर लिहून काढा. मेलवर काय जातं, फोनवरच्या ग्रुपवर काय, कॉलवर काय ठरतं, स्प्रेडशीटच्या कमेंटमध्ये काय अडकून पडतं. माझ्या बघण्यात ऑफिसातलं बोलणं साधारण चार तऱ्हेचं निघतं. एक, आत्ताच्या आत्ता उत्तर हवंय असं, सर्व्हर पडलाय कोण बघतंय वगैरे. दोन, संध्याकाळपर्यंत किंवा उद्या सांगितलं तरी चालेल असं. तीन, निर्णय, म्हणजे हे असं असं ठरलं. आणि चार, सगळ्यांना नुसतं कळवायचं असतं ते. बहुतेक टीममध्ये तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेचं बोलणं पहिल्याच्या गर्दीत वाहून जातं, आणि मग लोक म्हणतात आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

त्याच कागदावर माणसांबद्दलही लिहा. किती जण आहेत, सगळे कम्प्युटरसमोर बसतात की निम्मे दिवसभर फोनवर असतात, सगळ्यांची कामाची वेळ एकच आहे की वेगवेगळी, बाहेरचे लोक म्हणजे क्लायंट, फ्रीलान्सर, ऑडिटर यांना आत घ्यावं लागतं का. कोणी स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर तेही आत्ताच लिहा, शेवटी आठवून उपयोग नाही. आणि ऑफिसचं मेल, कॅलेंडर, फाइली कुठे आहेत? मायक्रोसॉफ्टकडे, गुगलकडे की आणखी कुठे? या एका उत्तरानं अर्धी यादी आपोआप कापली जाते.

दुसरी पायरी: तीन अटी, तीनच

मीटिंग बोलवून फीचरची यादी करायला घेतली की चाळीस ओळी होतात आणि मग प्रत्येक अ‍ॅपला बरोबरची खूण मिळते, कारण आज चॅनल (एका विषयाची किंवा प्रोजेक्टची बोलायची खोली), थ्रेड (एका मेसेजला जोडलेली उत्तरं), कॉल, फाइल शेअर हे सगळ्यांकडेच आहे. त्याऐवजी अशा तीन अटी लिहा की ज्या पूर्ण झाल्या नाहीत तर अ‍ॅप कितीही आवडलं तरी घेणार नाही. आमच्या तीन होत्या: जुने मेसेज कायम शोधता आले पाहिजेत, माणूस गेल्यावर त्याचं बोलणं आणि फाइली ऑफिसकडे राहिल्या पाहिजेत, आणि नेट स्लो असताना फोनवर अ‍ॅप उघडलं पाहिजे. तुमच्या वेगळ्या असतील. हॉस्पिटलच्या टीमला पेशंटच्या माहितीचे नियम पाळावे लागतात, तिथे पहिली अट तीच होईल.

तिसरी पायरी: बाहेर पडायचा रस्ता आधी तपासा

हे लोक सगळ्यात शेवटी बघतात किंवा बघतच नाहीत, मी हे सगळ्यात आधी बघा म्हणते. चॅट अ‍ॅप बंद पडतात, आणि छोट्या कंपन्यांचीच पडतात असं अजिबात नाही. हिपचॅट एके काळी खूप टीम वापरत होत्या, अ‍ॅटलासियननं २०१२ मध्ये ते विकत घेतलं, नंतर स्ट्राइड नावाचं नवीन अ‍ॅप काढलं, आणि जुलै २०१८ मध्ये दोन्ही बंद करून त्यांचे हक्क स्लॅक या प्रतिस्पर्धी टीम चॅटला विकत असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन्ही गेली. म्हणजे हातात सात महिने, तेवढ्यात नवीन अ‍ॅप निवडा, डेटा हलवा, लोकांना शिकवा. मायक्रोसॉफ्टचं स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन ३१ जुलै २०२१ ला संपलं. गुगलचं जुनं हँगआउट्स २०२२ मध्ये गेलं. मेटानं मे २०२४ मध्ये वर्कप्लेस हे त्यांचं ऑफिसांसाठीचं चॅट बंद करत असल्याचं सांगितलं, ते ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंत नेहमीसारखं वापरता येणार होतं आणि पुढे काही महिने फक्त वाचण्यापुरतं.

तर कुठलंही अ‍ॅप ट्रायलला घेतलं की पहिल्याच दिवशी थोडे मेसेज टाकून एक्सपोर्ट करून, म्हणजे सगळं बोलणं फाइलमध्ये बाहेर काढून, बघा. बटण आहे का एवढंच बघू नका, जी फाइल मिळते ती उघडा. त्यात चार गोष्टी तपासायच्या.

एक, सगळं बोलणं येतं का. स्लॅकच्या फ्री आणि प्रो प्लॅनमध्ये साध्या एक्सपोर्टमध्ये फक्त पब्लिक चॅनल मिळतात, प्रायव्हेट चॅनल आणि डीएम (माणसांनी एकमेकांना थेट पाठवलेले मेसेज) हवे असतील तर सहसा वरचा प्लॅन लागतो आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. यात चूक काही नाही, लोकांच्या खाजगी बोलण्याचं संरक्षण म्हणून ते ठीकच आहे, पण तुमचे निम्मे निर्णय प्रायव्हेट चॅनलमध्ये होत असतील तर हे आधी माहीत हवं.

दोन, फाइली येतात की नुसत्या लिंक येतात. स्लॅकच्या एक्सपोर्टमध्ये मेसेज जेसन (JSON) या मजकुराच्या फाइलमध्ये येतात आणि जोडलेल्या फाइलींच्या जागी लिंक असते. खातं बंद झाल्यावर त्या लिंकचा काय उपयोग, म्हणून फाइली वेगळ्या उतरवून घ्यायची सोय आधीच करून ठेवायची.

तीन, थ्रेड टिकतात का, म्हणजे कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाला होतं ते एक्सपोर्टमधून कळतं का. आणि चार, ती फाइल दुसरं कुठलं अ‍ॅप आत घेऊ शकतं का. मॅटरमोस्ट, रॉकेट डॉट चॅट आणि झुलिप या तिन्ही टीम चॅटकडे स्लॅकचा डेटा आत घ्यायची सोय आहे. आपल्याला कधी हलायचं नसलं तरी एवढं माहीत असलेलं बरं.

चौथी पायरी: फ्री म्हणजे नेमकं काय

स्लॅकचं नाव पडलं ते सगळं बोलणं आणि ज्ञान शोधता येईल अशी नोंद, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून. त्यांची मूळ कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती, टीम वेगवेगळ्या शहरांत बसलेली, बोलायला आयआरसी वापरायचे. आयआरसी म्हणजे १९८८ चं चॅट, त्यात तुम्ही जोडलेले नसताना कोणी काही बोललं तर ते तुमच्यापर्यंत येतच नाही. म्हणून त्यांनी मेसेज साठवून ठेवायची आणि शोधायची सोय स्वतः बनवली, गेम २०१२ मध्ये बंद पडला आणि हे टूल २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. म्हणजे टीम चॅट हा प्रकार जो आज आपण वापरतो त्याच्या मुळाशीच जुनं बोलणं परत सापडावं ही गरज आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि नेमकं हेच फ्री प्लॅनमध्ये कापलेलं असतं. स्लॅकच्या फ्री प्लॅनमध्ये सप्टेंबर २०२२ पासून मागचे ९० दिवसच दिसतात, त्याआधी १०,००० मेसेजची मर्यादा होती. २०२४ पासून तर एक वर्षापेक्षा जुना डेटा फ्री खात्यातून पुसला जातो, म्हणजे नंतर पैसे भरले तरी परत येत नाही. झुलिपच्या क्लाउड फ्री प्लॅनमध्ये १०,००० मेसेजपर्यंतच मागे शोधता येतं. गुगल चॅटमध्ये एखाद्या संवादाची हिस्ट्री बंद असेल तर मेसेज २४ तासांनी जातात, तेव्हा अ‍ॅडमिनच्या सेटिंगमध्ये हिस्ट्री चालू आहे ना हे पहिल्या दिवशी बघून घ्या. प्लॅन बदलत राहतात, आत्ता कंपनीच्या पानावर काय लिहिलंय तेच धरायचं, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर जाऊ नका.

माझं मत सांगते. फ्री प्लॅन ट्रायलसाठी उत्तम, तीन महिन्यांच्या छोट्या प्रोजेक्टसाठीही ठीक, पण ज्या टीमचे निर्णय पुढच्या वर्षी कोणीतरी विचारणार आहे तिनं त्यावर राहू नये.

सर्च स्वतः वापरून बघा, जाहिरातीवर सोडू नका. माणूस, चॅनल आणि तारीख तिन्ही लावून शोधता येतं का, पीडीएफच्या आतला मजकूर सापडतो का. टीम मराठीत टाइप करत असेल तर ते आवर्जून तपासा, "बैठक" शोधल्यावर "बैठकीत" आणि "बैठकीला" असलेले मेसेज येतात का, कारण आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागून त्याचं रूपच बदलतं आणि नेमकं तेवढ्यानं मेसेज सापडत नाही. शिवाय एकच माणूस कधी देवनागरीत आणि कधी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. यावर अ‍ॅपकडे फारसा इलाज नसतो, टीमनं आपसात ठरवावं लागतं की निर्णयाचे मेसेज एकाच लिपीत लिहायचे.

पाचवी पायरी: बोलणं कशा आकारात बसतं

अ‍ॅपअ‍ॅपमधला खरा फरक इथे आहे आणि तो स्क्रीनशॉट बघून कळत नाही, चार दिवस वापरल्यावरच कळतो.

स्लॅकमध्ये चॅनल असतो, त्यात मेसेज एकाखाली एक पडत जातात आणि कुठल्याही मेसेजला उत्तर दिलं की बाजूला थ्रेड उघडतो. हलकं आणि पटकन होतं, पण थ्रेड करायचा की सरळ खाली लिहायचं हे प्रत्येकाच्या मनावर असतं, आणि शिस्त नसेल तर एका विषयाचं निम्मं बोलणं थ्रेडमध्ये आणि निम्मं बाहेर. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये चॅट आणि चॅनल हे दोन वेगळे भाग आहेत, चॅनलमध्ये पोस्ट आणि तिच्याखाली उत्तरं अशी रचना, तर चॅट म्हणजे फोनवरच्या ग्रुपसारखं. लोकांना चॅट ओळखीचं वाटतं म्हणून सगळे तिथेच बोलत राहतात आणि चॅनल ओस पडतात, आणि चॅटमध्ये असलेल्या सात जणांशिवाय बाकी कोणाला ते कधीच सापडत नाही. टीम्स घेणार असाल तर कामाचं बोलणं चॅनलमध्ये, हे पहिल्या दिवसापासून सांगायला लागतं.

टीम्सबद्दल आणखी एक, कारण यात फाइली जातात. चॅनलमध्ये टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंटमध्ये (सगळ्यांच्या सामायिक जागेत) राहते, पण चॅटमध्ये पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये (ज्याच्या त्याच्या फाइलींच्या जागेत) राहते. तो माणूस गेला, त्याचं खातं डिलीट केलं, की नेहमीच्या सेटिंगप्रमाणे ३० दिवसांनी त्याचं वनड्राइव्ह जातं आणि सगळ्यांच्या चॅटमधल्या त्या फाइली उघडेनाशा होतात. तेव्हा कोणी सोडून जाणार असेल तर खातं डिलीट करायच्या आधी वनड्राइव्ह दुसऱ्याच्या नावावर करून फाइली हलवायच्या, हे तुमच्या एचआरच्या चेकलिस्टमध्ये आजच घाला.

झुलिपमध्ये चॅनलच्या आत प्रत्येक मेसेजला विषय द्यायचा असतो. सुरुवातीला लोक वैतागतात, प्रत्येक वेळी विषय काय लिहायचा म्हणून, पण दोन दिवस सुट्टीवरून आलात की नुसते विषय बघून कळतं कुठे लक्ष घालायचं आणि काय सोडून द्यायचं. विषयाचं नाव नंतर बदलता येतं, चुकून भलतीकडे पडलेले मेसेज योग्य विषयाखाली हलवता येतात, आणि विषय संपला की मिटला अशी खूण करता येते. वेगवेगळ्या वेळांना काम करणाऱ्या टीमला माझी पहिली शिफारस हीच असते. दिसायला ते बाकीच्यांइतकं चकचकीत नाही आणि ज्यांच्याकडे सगळं तातडीचंच असतं त्यांना ते जड वाटतं.

गुगल चॅट जीमेलच्या शेजारीच बसलेलं असतं, ऑफिसचं सगळं गुगलवर असेल तर वेगळं काही घ्यायच्या आधी त्याचे स्पेस (त्यातले ग्रुप) महिनाभर मनापासून वापरून बघा. झोहोचं सगळं वापरत असाल तर त्यांच्या क्लिक (Cliq) या चॅटबद्दलही तेच. डिस्कॉर्ड आवाजी खोल्यांसाठी छान आहे, पण ऑफिसच्या कामाला लागणारी खात्यांची देखरेख आणि नोंदी ठेवण्याची सोय ही त्याची बाजू नाही, मी ते ऑफिससाठी घेणार नाही.

सहावी पायरी: कोण काय वाचू शकतं

सुरक्षेबद्दल बोलताना एन्क्रिप्टेड हा एकच शब्द सगळे वापरतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. स्लॅक, टीम्स, गुगल चॅट इथे मेसेज जाताना आणि सर्व्हरवर साठवलेला असताना एन्क्रिप्टेड असतो, पण किल्ली सेवा देणाऱ्याकडे असते, म्हणूनच सर्च चालतो आणि गरज पडली तर कंपनी जुने मेसेज काढू शकते. एंड टू एंड म्हणजे फक्त बोलणाऱ्यांच्या डिव्हाइसवरच मेसेज उघडतो. मॅट्रिक्स या खुल्या चॅट यंत्रणेवर चालणाऱ्या एलिमेंटमध्ये २०२० पासून खाजगी संवाद मुळातच असे असतात, आणि फ्रान्स सरकारचं चाप नावाचं अंतर्गत चॅटही मॅट्रिक्सवर आहे. याची दुसरी बाजू अशी की माणसानं रिकव्हरी की, म्हणजे मेसेज परत उघडायची किल्ली, हरवली आणि दुसरं डिव्हाइसही नसेल तर त्याला स्वतःचे जुने मेसेज वाचता येत नाहीत. पत्रकार, वकील, संवेदनशील माहिती हाताळणारे यांनी हे झेलावं, बाकी बहुतेक ऑफिसांना पहिला प्रकार पुरतो.

पण टीमला हे स्पष्ट सांगा की ऑफिसच्या अ‍ॅपवरचं बोलणं ऑफिसचं आहे आणि ठराविक परिस्थितीत ते काढून वाचलं जाऊ शकतं, डीएमसुद्धा. लपवून ठेवलं आणि नंतर कळलं तर विश्वास तुटतो, आणि लोक परत स्वतःच्या फोनवरच्या ग्रुपकडे पळतात. त्या पळण्याची किंमत किती मोठी होऊ शकते बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं १६ वित्त कंपन्यांना मिळून ११० कोटी डॉलरहून जास्त दंड लावला, कारण त्यांचे कर्मचारी धंद्याचं बोलणं स्वतःच्या फोनवरच्या मेसेजमध्ये करत होते आणि कायद्यानं ठेवायच्या नोंदी कंपनीकडे राहिल्याच नाहीत.

तपासायचं काय, तर टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) सगळ्यांना सक्तीचं करता येतं का, ऑफिसच्या एकाच लॉगिननं आत येता येतं का आणि हे कुठल्या प्लॅनमध्ये मिळतं, कारण सिंगल साइन ऑन बऱ्याचदा वरच्याच प्लॅनमध्ये ठेवलेलं असतं. फोन हरवला तर दुरून लॉगआउट करता येतं का. मेसेज किती काळ ठेवायचे हे चॅनलप्रमाणे ठरवता येतं का. आणि माणूस सोडून गेल्यावर त्याचं खातं बंद करून बघा, ट्रायलमध्येच एक खोटा माणूस बनवा आणि त्याला काढा, मग त्याचे मेसेज दिसतात का, त्यानं जोडलेले बॉट (आपोआप मेसेज टाकणारे प्रोग्राम) आणि ऑटोमेशन चालू राहतात का ते बघा. आमच्याकडे रोजचा रिपोर्ट टाकणारा बॉट असाच एकाच्या खात्याला बांधलेला निघाला.

सातवी पायरी: स्वतःचा सर्व्हर

मॅटरमोस्ट, रॉकेट डॉट चॅट, झुलिप, मॅट्रिक्स हे सगळे स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात आणि डेटा आपल्याच ताब्यात राहतो. हे ऐकायला फार छान वाटतं. पण त्यासाठी सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो, एक नाही दोन, कारण एक सुट्टीवर जातो. अपडेट, रोजचा बॅकअप, आणि तो बॅकअप खरंच परत उभा राहतो का हे मधूनमधून करून बघणं, सगळं तुमच्यावर. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना बसवल्यावर कळते, फोनवर नोटिफिकेशन पोचवायला अ‍ॅपल आणि गुगलच्या यंत्रणेतून जावं लागतं आणि अ‍ॅप स्टोअरवरची तयार अ‍ॅप त्यासाठी बहुधा त्या त्या कंपनीचा नोटिफिकेशन सर्व्हर वापरतात, ज्याला फ्रीमध्ये मर्यादा असू शकते. तेव्हा सर्व्हर आपला असला तरी तो एक धागा बाहेर जातोच. आयटीची टीम असेल किंवा डेटा बाहेर ठेवायला नियमानं बंदी असेल तर जरूर करा, नाहीतर तयार सेवा घ्या.

आठवी पायरी: खर्चाचा हिशेब

दर माणशी महिन्याला एवढे, असा भाव असतो, त्याला नुसतं माणसांनी गुणू नका. पुढच्या वर्षी किती माणसं होतील, बाहेरचे गेस्ट किती, लागणारी एखादी गोष्ट वरच्या प्लॅनमध्ये आहे का हे धरून दोन वर्षांचा आकडा काढा. गेस्टचे नियम नीट वाचा, उदाहरणार्थ स्लॅकच्या पेड प्लॅनमध्ये एकाच चॅनलपुरता गेस्ट फुकट घेता येतो, दर पेड सदस्यामागे पाचपर्यंत, पण एकाहून जास्त चॅनलमध्ये येणाऱ्या गेस्टचे पूर्ण माणसाइतके पैसे पडतात. मेल आणि फाइलींच्या पॅकेजसोबत चॅट आधीच मिळत असेल तर दुसऱ्यासाठी पैसे भरताना कारण ठाम हवं. आमच्याकडे येतंच आहे ना मग तेच वापरा, हे पण कारण नव्हे. पैसे दिलेत आणि लोक वापरत नाहीत, बोलणं परत फोनवर, तर ते फुकटचं अ‍ॅप महागात पडलं.

नववी पायरी: दोन आठवड्यांची खरी ट्रायल

यादीत दोनच अ‍ॅप ठेवा. आठ-दहा जणांची टीम घ्या आणि तिच्यात कटकट करणारा माणूस मुद्दाम घ्या, टेक्नॉलॉजी न आवडणाराही घ्या, सगळे हौशी घेतलेत तर सगळं गोडच वाटेल. खरं काम त्यावर करा, हाय हॅलोचे मेसेज टाकून काही कळत नाही. दोन आठवडे एक, दोन आठवडे दुसरं.

मधे काही गोष्टी करून बघायच्या. नवीन माणसाला काही न शिकवता आत घ्या आणि त्याला पहिल्या आठवड्यातला एक निर्णय शोधायला सांगा, घड्याळ लावून. जुन्या स्वस्त फोनवर आणि कमी नेटवर अ‍ॅप उघडा. रात्री नोटिफिकेशन बंद राहते का, आणि खरोखर तातडीचं असेल तर कोणी ती पार करून पोचू शकतं का. बाहेरच्या माणसाला गेस्ट म्हणून घ्या आणि त्याच्या बाजूनं बघा त्याला काय काय दिसतंय, हे स्वतः डोळ्यांनी बघा, अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवरून कळत नाही. मेसेज एडिट आणि डिलीट करायची मुभा किती वेळ आहे ते बघा, निर्णयाच्या चॅनलमध्ये कोणी महिन्याभरानं मेसेज बदलू शकत असेल तर ती नोंद कसली.

शेवटी मत विचारताना आवडलं का असं विचारू नका. काय सापडलं नाही आणि कुठे कंटाळून मेल केला किंवा फोन केला, एवढंच विचारा.

दहावी पायरी: चालू करताना

चॅनलच्या नावांची पद्धत आधी ठरवा, प्रोजेक्टला एक सुरुवातीचा शब्द, मदतीच्या चॅनलला दुसरा, आणि पहिल्या महिन्यात नवीन चॅनल काढायचं काम दोघातिघांकडेच ठेवा, नाहीतर एकाच विषयाचे चार चॅनल होतात आणि मग कोणीच कशात लिहीत नाही. प्रत्येक प्रोजेक्ट चॅनलमध्ये ठरलेली गोष्ट एका ठराविक शब्दानं सुरू करून लिहायची, आम्ही "ठरलं:" असं लिहितो. पुढे नुसता तो शब्द आणि चॅनल टाकला की सगळे निर्णय तारखेसह ओळीनं येतात. याला कुठलंही फीचर लागत नाही आणि माझ्या मते या अख्ख्या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे.

उत्तराची अपेक्षा किती वेळात, हेही लिहून टाका. सगळ्यांना एकदम टॅग करायची परवानगी थोड्यांनाच द्या. पासवर्ड चॅटवर नाही. आणि अ‍ॅप बंद पडलं तर काय हे ठरलेलं असू द्या, ४ जानेवारी २०२१ ला, नवीन वर्षातल्या कामाच्या पहिल्याच सोमवारी, स्लॅक काही तास बंद होतं, असं कुठल्याही अ‍ॅपचं होऊ शकतं, तेव्हा मेलवर यायचं की फोन लावायचा हे लोकांना आधी माहीत हवं.

मग जुने ग्रुप बंद करायचे. हे केलं नाही तर सगळं फुकट, कारण दोन्ही चालू ठेवले की लोक जुन्याकडेच जातात. तारीख जाहीर करा, त्याआधी जुन्या ग्रुपमधले महत्त्वाचे निर्णय नवीन चॅनलमध्ये हातानं लिहून घ्या, सगळा इतिहास हलवायच्या मागे लागू नका, चालू प्रोजेक्टचं घेतलं तरी पुरतं. ग्रुपमध्ये शेवटचा मेसेज टाका की आजपासून इथे कामाचं काही नाही, आणि त्यानंतर कोणी तिथे कामाचं विचारलं तर उत्तर नवीन ठिकाणी द्यायचं. सगळ्यात जास्त हे वरिष्ठांनी पाळायला लागतं, साहेब फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहीत राहिले तर बाकीचे काय करणार.

तीन महिन्यांनी परत एकदा एका नव्या माणसाला जुना निर्णय शोधायला द्या आणि वेळ मोजा. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा ११ मिनिटं लागली होती आणि शेवटी त्या मुलीनं शेजारच्याला विचारलं. मग चॅनलची नावं सुधारली, "ठरलं:" लिहायची सवय लागली, आणि पुढच्या वेळी नवीन आलेल्या मुलाला दोन मिनिटांच्या आत सापडलं, ज्यानं तो निर्णय लिहिला होता तो तोपर्यंत दुसरीकडे नोकरीला गेलेला होता.